उसनं वैर

मित्र कसे जोडावेत यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शाळेच्या भिंतींवरच्या सुविचारांपासून परीक्षेतल्या निबंधांपर्यंत मैत्रीचा महिमा आपण सगळ्यांनीच ऐकला आणि गिरवला आहे. वैरी कसे जोडावेत यावर मात्र कुणी चार ओळी खरडल्याचं माझ्या वाचनात नाही. वास्तविक चांगला वैरी मिळायला मित्र मिळण्याहून अधिक नशीब लागतं. मित्र काय, एका बाकावर चार दिवस बसलं की होतो. वैरी असा हवा की जो रोज भेटेल, रोज आपली फजिती करील, आपल्याला रोज नवं उत्तर शोधायला लावील, आणि एखाद्या दिवशी आला नाही तर ज्याच्यावाचून चहा गोड लागणार नाही. असे तीन वैरी मला लाभले आहेत. त्यांच्याविषयी आणि त्यांच्यामुळे मला जे थोडंफार कळलं त्याविषयी मी इथे लिहिणार आहे.

आमच्या वैराचं कारण ऐकाल तर हसाल. जमीन नाही, बांध नाही, निवडणूक नाही, मुलगी तर नाहीच नाही. कारण आहे इंग्लंडमधले चार फुटबॉल क्लब. मी मँचेस्टर युनायटेडचा. बदलापूरहून गाडीने येणारा एक लिव्हरपूलचा. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या बाजूला राहणारा एक आर्सेनलचा. आणि उल्हासनगरच्या कॅम्पातला, घरी सिंधी बोलणारा चौथा मँचेस्टर सिटीचा. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही लागोपाठची तीन स्टेशनं. पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत जेमतेम दहा किलोमीटरांचं अंतर. आणि भांडण ज्यावरून, ती मैदानं सात हजार किलोमीटरांहून लांब! आमच्यापैकी कुणीही ती पाहिलेली नाहीत. कुणाचा पासपोर्टसुद्धा नाही. तरी आठवड्यातून पाच दिवस, कॉलेज सुटल्यावर, उल्हासनगर स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही त्या मैदानांसाठी घसा कोरडा करतो.

कोण कुठल्या क्लबाचा कसा झाला, याच्या कथाही मजेशीर आहेत. माझी निष्ठा एका लाल टी-शर्टातून जन्मली. सातवीत असताना आईने तो गजानन मार्केटच्या बाहेर भाव पाडून घेतला; तिला लाल रंग आवडला आणि मला त्यावरचं जहाजाचं चित्र. पुढे कळलं की ते युनायटेडचं बोधचिन्ह. समुद्रापासून आत असलेल्या शहराच्या क्लबाला जहाज कशाला, या प्रश्नाने मला इतिहासाच्या पुस्तकापेक्षा जास्त वाचायला लावलं. सिटीवाला या टी-शर्टावरून मला अजून सोडत नाही. तो म्हणतो, तुझी निष्ठा मेड इन यू.एस.ए. आहे. आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं, की यू.एस.ए. म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा एक जुना विनोद इथे लहान पोरालाही ठाऊक असतो. गंमत अशी की तो स्वतः सुट्टीत ज्या मामाच्या दुकानात बसतो तिथे चारही क्लबांचे टी-शर्ट एकाच दोरीवर लटकतात, आणि धंद्याच्या वेळी त्याची सिटीवरची भक्ती कुठे जाते ते झुलेलालच जाणे.

आर्सेनलवाल्याची निष्ठा मात्र खानदानी आहे. आर्सेनल हा क्लब १८८६ साली लंडनजवळच्या वूलिच इथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढला. म्हणून त्यांना 'गनर्स' म्हणजे तोफची म्हणतात. याचे आजोबा अंबरनाथच्या ऑर्डनन्समध्ये होते. तेव्हा इंग्लंडमधला तो कारखाना आणि आमचा कारखाना हे भाऊ-भाऊच, असा त्याचा युक्तिवाद आहे. आपल्या क्लबाच्या वयाचा कुणी गर्व करू लागला की तो शांतपणे अंबरनाथच्या शिवमंदिराकडे बोट दाखवतो. मंदिर १०६० सालचं. आमचा युनायटेड १८७८ चा. "एट हंड्रेड अँड एटीन इयर्स, मेट," एवढंच तो म्हणतो.

बदलापूरवाला लिव्हरपूलचा का झाला, हे त्याने अनेकदा वेगवेगळं सांगितलं आहे. आमच्या मते शेवटच्या अक्षरांचा सारखेपणा हेच खरं कारण. एकाच्या शेवटी पूल, एकाच्या शेवटी पूर.

आता या भांडणाची भाषा. ती इंग्रजी आहे, आणि ती तशी का आहे हेच मला मुख्यतः सांगायचं आहे. अकरावीत आम्ही चौघे प्रथम भेटलो तेव्हा भांडण मराठी-हिंदीच्या खिचडीत चाले. एके दिवशी सिटीवाल्याने ठराव मांडला: इंग्लंडच्या क्लबांची टवाळी इंग्रजीतच व्हावी, जो घसरेल त्याने त्या दिवसाचा चहा पाजावा. ठराव एकमताने संमत झाला. पंच म्हणून टपरीवाल्या काकांची नेमणूक झाली. काकांना इंग्रजी येत नाही. त्यामुळे त्यांचा न्याय अगदी निःपक्षपाती. ज्या वाक्यातलं सगळंच्या सगळं त्यांना कळलं, ते वाक्य दंडास पात्र! पहिले सहा महिने मी इतका चहा पाजला की काकांनी माझ्या नावाने वेगळी वही घालावी.

मी ज्या घरातून आलो तिथे इंग्रजी हा शब्द उच्चारतानाही आवाज खाली येतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. दहावीपर्यंत माझं इंग्रजी म्हणजे गाळलेल्या जागा भरणं. अकरावीच्या पहिल्याच महिन्यात वर्गात उतारा वाचायला उभा राहिलो, आणि माझ्या उच्चारांची गावाकडची चाल ऐकून मागच्या बाकांवरून हसू आलं. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. एखाद्याला ठेच लागली की बघणारा हसतो तसं ते हसू होतं. पण त्या हसण्याला उत्तर देण्याची सोय नव्हती. मी उतारा पुरा केला आणि खाली बसलो. त्यानंतर वर्गात इंग्रजीत तोंड उघडायचं नाही असं माझं मीच ठरवून टाकलं.

त्याच दिवसांत टपरीवर मात्र मी त्याच भाषेत भांडत होतो! कारण तिथे चौघांपैकी कुणाचीच ती मायबोली नव्हती. माझी मराठी, सिटीवाल्याची सिंधी, बदलापूरवाल्याच्या घरी आगरी बोली, आर्सेनलवाल्याच्या घरी मालवणी. इंग्रजीत आम्ही चौघेही परक्या मैदानावर खेळत होतो, आणि परक्या मैदानावर सगळेच जरा जपून आणि जरा जोरात खेळतात. शब्द अडला तर समोरचा सुचवायचा, कारण त्याला उत्तर द्यायची घाई असायची. वैऱ्याने स्वतःच्या हाताने आपल्या हातात तलवार द्यावी, असा हा प्रकार.

शब्द आले कुठून? समालोचनातून. 'क्लीन शीट' म्हणजे एकही गोल न खाणं. मला आधी वाटे, धोब्याकडून आलेल्या चादरीशी याचा काही संबंध असावा. 'पार्किंग द बस' म्हणजे सगळा संघ गोलासमोर उभा करून नुसता बचाव करणं. २००४ साली चेल्सीचे प्रशिक्षक मोरिन्यो टॉटनहॅमवर चिडून तसं म्हणाले आणि शब्दप्रयोग जगभर झाला. उल्हासनगरच्या अरुंद रस्त्यात अडकलेली बस ज्याने पाहिली आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

आणि हळूहळू लक्षात आलं की नुसते शब्द पुरत नाहीत, या टवाळीला एक रीत आहे. इंग्रज तिला 'बँटर' म्हणतात. डॉ. जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशात हा शब्द व्युत्पत्तीविना आलेला रानटी शब्द म्हणून झिडकारला होता. पण शब्द टिकला, जॉन्सनसाहेब गेले. मराठीत याला काय म्हणावं? आपल्याकडे या बाबतीत गरिबी नाही. टोमणा आहे, टोला आहे, चिमटा आहे, फिरकी आहे, खिल्ली आहे, टर आहे, टवाळी आहे. टोमणा जखम करतो. टर उडवायला चार प्रेक्षक लागतात. खिल्ली पाठीमागेही उडवता येते. मला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'कोपरखळी' हा शब्द. कारण कोपर मारायचं तर माणूस शेजारी, अगदी खेटून बसलेला लागतो. शिवाय त्यालाही कोपर असतंच.

इंग्लंडमधल्या कोपरखळ्यांचे काही नमुने सांगण्याचा मोह आवरत नाही. १९९४ साली लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर युनायटेडच्या नावाने एक फलक झळकला. अर्थ असा: अठरा अजिंक्यपदं झाली की या. तेव्हा लिव्हरपूलची अठरा होती, आमची आठ. युनायटेडला अठरावं मिळायला २००९ साल उजाडलं. म्हणजे एका वाक्याचं उत्तर द्यायला पंधरा वर्षं! २०११ ला एकोणीस, २०१३ ला वीस. मग पारडं फिरलं. तीस वर्षं वाट पाहिलेल्या लिव्हरपूलने २०२० ला एकोणिसावं आणि २०२५ ला विसावं जिंकून हिशेब वीस-वीस केला. दुसरा नमुना आमच्याच शहरातला. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर एक फलक असे, आणि सिटीने १९७६ नंतर एकही मोठा चषक जिंकला नाही म्हणून त्यावर सरलेल्या वर्षांचा आकडा दरवर्षी बदलला जाई. आकडा पस्तिसावर गेला आणि १४ मे २०११ रोजी सिटीने एफ.ए. कप जिंकला. फलक उतरला. पुढच्याच वर्षी, १३ मे २०१२ ला, शेवटच्या सामन्यात त्र्याण्णव मिनिटं वीस सेकंदांनी सिटीच्या अग्वेरोने गोल मारला आणि आमच्या हातात आलेलं अजिंक्यपद केवळ गोलांच्या फरकावर नेलं. सिटीवाल्याचा मोबाईलवरचा गजर त्या वेळेचा नाही, पण असता तर नवल वाटलं नसतं.

या दोन शहरांमधलं वैर चेंडूच्याही आधीचं आहे. मँचेस्टरमध्ये कापडाच्या गिरण्या आणि लिव्हरपूलला बंदर. जगभरचा कापूस लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरे आणि मँचेस्टरला जाई. बंदराचा खर्च सोसेना म्हणून मँचेस्टरकरांनी थेट समुद्रापर्यंत कालवा खणला; तो १८९४ साली सुरू झाला आणि बोटी लिव्हरपूलला वळसा घालून आत जाऊ लागल्या. यातला बराचसा कापूस आपल्याकडचा होता हे वाचलं तेव्हा मी चमकलो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस अडला आणि मुंबई बंदरातून आपला कापूस लिव्हरपूलकडे धावला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि १८६५ ला ओसरलाही. म्हणजे आमच्या टपरीवरचं भांडण अगदीच परकं म्हणता येणार नाही. त्यात आमच्या आज्या-पणज्यांच्या शेतातली बोंडं आहेत.

आणि भांडण्याची रीतही आपल्याला नवी नाही. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात काय वेगळं होतं? कलगीवाले शक्तीला मोठं म्हणत, तुरेवाले शिवाला. रात्र-रात्र सवाल-जवाब चालत. कोड्यात अडकलेला शाहीर उत्तर शोधत बसे. लग्नात विहिणी एकमेकींचं माप काढत आणि मग एकाच पंगतीला बसत. शिमग्याला तर वर्षभराची भडास काढण्याचा परवानाच असे. फुटबॉलचंच म्हणाल, तर आपल्या कोल्हापुरात तालमी-तालमींचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. छत्रपती शाहू स्टेडियमवर या संघांचा सामना असला की पेठाच्या पेठा लोटतात. पण कोल्हापूरचं वैर जन्माने मिळतं. ज्या पेठेत पाळणा हलला त्या पेठेचा संघ. त्यामुळे ते खोल जातं, आणि कधी कधी हुल्लड होऊन सामने थांबवावेही लागतात. आमचं वैर उसनं आहे. ते आम्ही आपल्या आवडीने आणलं.

हे 'आपल्या आवडीने' मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्या गावांत नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न, "आडनाव काय?" दुसरा, "मूळचे कुठले?" या दोन उत्तरांत समोरचा आपली किंमत करून मोकळा होतो. बदलापूरवाल्याचं आडनाव मला वर्षभरानंतर त्याच्या हॉलतिकिटावर वाचायला मिळालं. तोवर तो लिव्हरपूल होता आणि मी युनायटेड. आजवर मला चिकटलेल्या सगळ्या ओळखींमध्ये ही एकच अशी, जी मी स्वतः निवडली. चुकीची निवडली असं तिघेही म्हणतात, ते सोडा.

आता त्या रात्रीविषयी लिहिलंच पाहिजे, नाहीतर तिघे हा अंक हातात घेऊन माझ्या घरी येतील. ५ मार्च २०२३, रविवार. आदल्याच रविवारी युनायटेडने लीग कप जिंकला होता आणि आठवडाभर मी टपरीवर कुणाला बोलू दिलं नव्हतं. रात्री दहाला अ‍ॅनफील्डवर सामना सुरू झाला. घरात सगळे झोपलेले. मी कानात इअरफोन घालून, चादरीखाली मोबाईल. मध्यंतराला लिव्हरपूल एक गोलने पुढे. ठीक आहे, म्हटलं. त्यानंतर जे सुरू झालं ते मी मोजतच राहिलो. दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. सात-शून्य! मोबाईल बंद केला. तरी तो थरथरतच होता.

दुसऱ्या दिवशी होळी. दैवसुद्धा थट्टेखोर असतं ते असं. मी जीव मुठीत धरून टपरीवर गेलो. तिघांपैकी एकानेही फुटबॉलचा विषय काढला नाही. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. चहा झाला. मग बदलापूरवाल्याने अतिशय अदबीने विचारलं, "एक्सक्यूज मी, मेट, व्हॉट्स द टाइम?" मी काही बोलण्याआधी सिटीवाला म्हणाला, "सेव्हन." घड्याळात तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. काकांनाही 'सेव्हन' कळलं आणि आपण कुणाला दंड करावा याचा त्यांना पेच पडला. रात्री आर्सेनलवाला आमच्या चाळीच्या होळीला हजर! आजूबाजूच्या पोरांना त्याने काय शिकवलं होतं कोण जाणे. माझ्या नावाने मोजून सात बोंबा ठोकल्या गेल्या. आईला वाटलं, पोरगा परीक्षेत पहिला आला.

उत्तर मला बुधवारी सापडलं. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनचा जिना कुणीतरी धुतला होता. बदलापूरवाला वरून उतरत होता. मी खालून हात जोडून म्हणालो, "माइंड युअर स्टेप, स्टीव्ही." जाणकारांना खुलासा नको. इतरांसाठी: २७ एप्रिल २०१४ रोजी लिव्हरपूलचा लाडका कर्णधार स्टीव्हन जेरार्ड चेल्सीविरुद्ध ऐन वेळी पाय घसरून पडला, गोल झाला, आणि हातातोंडाशी आलेलं अजिंक्यपद अखेर सिटीकडे गेलं. बदलापूरवाला पायरीवर तसाच थांबला. मग जिन्यावरच खाली बसून इतका हसला की मागची माणसं ओरडू लागली. "गुड वन," तो म्हणाला. शत्रूने दिलेली एवढी मोठी शाबासकी मला आजवर कुठल्या उत्तरपत्रिकेवर मिळालेली नाही.

पण त्या सामन्याची एक गोष्ट गोलांच्या गोंगाटात मागे पडली. सामन्याच्या आदल्या दिवशी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांनी, लिव्हरपूलच्या क्लॉप यांनी आणि युनायटेडच्या टेन हाग यांनी, मिळून प्रेक्षकांना एक विनंती केली होती. ६ फेब्रुवारी १९५८ ला म्युनिकमध्ये युनायटेडचा संघ घेऊन निघालेलं विमान कोसळलं. तेवीस माणसं गेली, त्यांत आठ खेळाडू. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीने लिव्हरपूलच्या सत्त्याण्णव चाहत्यांचा बळी घेतला. या मेलेल्यांवरून एकमेकांना डिवचणारी गाणी काही प्रेक्षक म्हणत आले आहेत. माणसांच्या मृत्यूवर गुण मिळवू नका, एवढंच दोघांचं म्हणणं. म्हणजे ज्यांनी ही कोपरखळी जगाला शिकवली त्यांनाही ती कुठे थांबवायची हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आमच्यावर ही वेळ त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आली. टपरीवर एक पाचवा आला होता, ओळखीतलाच. पाऊस धो-धो. पूल आणि पूर यांवरून नेहमीचे विनोद चालले होते आणि बदलापूरवालाही त्यांत होता. पाचवा सहज म्हणाला, तुमचा क्लब बुडो न बुडो, तुमचं घर तर दरवर्षी बुडतं. सगळे गप्प झाले. २०१९ च्या जुलैत उल्हास नदीला पूर आला. बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि नौका लावून प्रवासी काढले, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्याच रात्री नदीकाठच्या वस्तीतलं याचं घरही छपरापर्यंत पाण्यात होतं. दहावीच्या वर्गात असलेल्या त्याच्या बहिणीची सगळी पुस्तकं गेली. आम्हाला ते ठाऊक होतं, पाचव्याला नव्हतं. बदलापूरवाला काही बोलला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि पावसातच स्टेशनकडे गेला. तेव्हा सिटीवाला त्या पाचव्याला स्वच्छ हिंदीत म्हणाला, "उसके घर पे नहीं." काकांनी दंड मागितला नाही.

त्यावर आम्ही कधी चर्चा केली नाही, नियमही लिहिला नाही. पण काय चालतं आणि काय नाही हे तेव्हापासून चौघांनाही नेमकं ठाऊक आहे. क्लब, खेळाडू, टी-शर्ट, उच्चार, स्टेशनं, सगळं चालतं. घर चालत नाही. बापाचा धंदा चालत नाही. सिटीवाल्याचे पणजोबा फाळणीनंतर सिंध सोडून ज्या लष्करी छावणीच्या बराकीत आले, ती बराक चालत नाही. ज्याला समोरच्याकडे उत्तर असू शकतं, तेवढंच बोलायचं. पुराला कुणाकडे उत्तर असतं?

हे लिहिताना मला माझ्या वडिलांचा चेहरा आठवतो. ते जीन्स शिवण्याच्या एका कारखान्यात नगावर काम करतात. अशा ठिकाणी शिवणाऱ्याला 'मास्टर' म्हणतात. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जाई. शेठ सगळ्यांसमोर हाक मारायचा, "काय मास्टर, पोरगा कलेक्टर झाला की नाही अजून?" सगळे हसत. बाबाही हसत, मशीनच्या सुईकडे बघत. मला तेव्हा वाटे, शेठ मोठा गमत्या माणूस आहे. टपरीवर तीन वर्षं घालवल्यावर मला त्या गमतीतली खोच कळते. शेठची थट्टा आणि बदलापूरवाल्याची थट्टा शब्दांनी फारशी वेगळी नाही. फरक एवढाच की मी बदलापूरवाल्याला जिन्याखालून उत्तर देऊ शकतो.

एके रात्री बाबांनी विचारलं, "तुम्ही रोज भांडता तरी कशावरून?" मी सगळं सांगितलं, क्लब, फलक, सात गोल, वेळ विचारण्याची गंमत. त्यांना फुटबॉल कळला असेल असं नाही. त्यांनी एकच विचारलं, "तिथे उलट बोललेलं चालतं?" मी म्हटलं, "उलट बोलायचंच असतं, बाबा. नाही बोललं तर चहा पाजावा लागतो." त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या वर्षी मी वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारतो. उच्चारांची चाल अजून गावाकडचीच आहे आणि मागून कुणी हसलं तर मागे वळून मीही काहीतरी बोलतो. मग दोघेही हसतो. आमच्या प्राध्यापकांना याचं श्रेय टपरीला देणं कितपत रुचेल ते मला माहीत नाही, पण खरं ते लिहावं.

गेल्या हिवाळ्यात युनायटेड पुन्हा एकदा हरला. मी मोबाईल उशीखाली सरकवून तोंड पाडून बसलो होतो. बाबा कामावरून उशिरा आले, हातपाय धुतले, पाटावर बसले. आई ताट वाढत होती. पहिला घास घेण्याआधी ते म्हणाले, "काय मास्टर, किती वाजले?"

मी म्हटलं, "तुमचं घड्याळ पुढे आहे, बाबा. आज दोनच वाजलेत."

ते मोठ्याने हसले. हसताना ते माझ्याकडे बघत होते.